पाणी घट्ट करून प्यायचं असतं

लकवा म्हटलं की लोक आधी हात बघतात. दुकानात येणारा प्रत्येक जण माझे दोन्ही हात बघतो, मग पाय बघतो, मग तोंड वाकडं झालंय का ते बघतो, आणि शेवटी फसवल्यासारखा चेहरा करून विचारतो, "नेमकं मारलं कुठं मंग?" मी गळ्याकडं बोट दाखवतो. त्याचं समाधान होत नाही. खरं सांगायचं तर माझंही अजून झालेलं नाही.

चारठाण्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्यानं भरायची, हा धंदा. घरात मात्र माझी ओळख वेगळी. जेवताना गोष्टी सांगणारा माणूस. माझी बायको सुमन म्हणते, यांची गोष्ट तापते तोवर भाकर निवते. पाहुणे आले की मुलगी पल्लवी आधीच सांगून ठेवते, पप्पांच्या शेजारी बसू नका, हात वाळून जाईल. अशा माणसाचं नेमकं गिळणंच गेलं, आणि त्यावरचा इलाज म्हणून जेवताना गप्प बसायला सांगितलं. कुणी ठरवून सूड घेतल्यासारखं.

हे मी डॉक्टरांसाठी लिहीत नाही, त्यांना कळतं. ज्यांच्या घरी कुणीतरी पाण्याचा पेला हातात धरून बसलंय, आणि समोरच्याला तो पाजावा की नाही हेच कळत नाही, त्यांच्यासाठी लिहितो. वाचताना कुठं गोंधळ वाटला तर माफ करा. आजारच तसा होता.

दोन गिऱ्हाईकं

त्या सकाळी ज्ञानोबा नावाच्या एका गिऱ्हाइकाची मोटार उघडून बसलो होतो. तो समोर स्टुलावर बसून घाई करत होता. गहू पाण्याला आलाय, आजच्या आज पाहिजे, असं चाललं होतं. बघता बघता एकाचे दोन ज्ञानोबा झाले. दोघंही घाई करायला लागले. मोटारीही दोन झाल्या. मग दुकान हळूहळू फिरायला लागलं, आणि मी मोटारीच्या शेजारीच उलटी केली.

शेजारच्या हॉटेलवाल्यानं पित्त म्हणून लिंबू-सोडा आणला. दुसऱ्यानं ऊन बाधलं म्हणून कांदा फोडून नाकाला लावला. मी कांदेवाल्याला बस्स म्हणायला गेलो तर आवाज भलत्याचाच निघाला, घोगरा, बसलेला. पण हातपाय हालत होते, त्यामुळं लकव्याचं नाव कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी माझ्या पायांनी जीपपर्यंत गेलो, फक्त एका अंगाला कलंडत कलंडत. आमच्या घराण्यात कुणी दारूला शिवत नाही. त्या दिवशी रस्त्यावरच्या बऱ्याच लोकांना मला बघून बरं वाटलं असणार.

जिंतूरच्या डॉक्टरांनी थांबू दिलं नाही, सरळ परभणीला पाठवलं. तिथं डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या मागच्या, अगदी खालच्या भागाला रक्त पोचलं नव्हतं. सुमननं विचारलं, म्हणजे लकवा का? डॉक्टर हो म्हणाले. ती म्हणाली, पण हात तर हालायलेत. डॉक्टर म्हणाले, हात हालतील. मग ती बाहेर गेली आणि सगळ्या नातेवाइकांना तिनं फोनवर खबर दिली, की यान्ला लकवा मारलाय पण कुठंच मारला न्हाई.

मी आत पडून छताकडं बघत होतो. छतं दोन होती.

नावं घेणं

दुसऱ्या दिवशी उचकी लागली. साधी नव्हे. बोलू देईना, झोपू देईना, अंगातून कुणी दोरी ओढावी तशी. तेवढ्यात पोखर्णीहून अक्का आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यापासून आमच्या घरातली आईची जागा तिनं न विचारता घेतलेली आहे, आणि ती तिला शोभतेही.

आमच्याकडं उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय असं धरतात. एकेक नाव घ्यायचं, ज्या नावाला उचकी थांबेल त्यानं आठवण काढली. हा काही धर्म नाही, खेळच आहे, पण खेळणारे मनापासून खेळतात. अक्कानं पलंगाशी बसून चुलत्यांपासून सुरुवात केली. मग मामा, मावश्या, आतेभाऊ. आमचे संपले तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसांनीही एकदोन नावं सुचवली, त्यांच्या नात्यातली. उचकी ढिम्म. शेवटी सुमननं ज्ञानोबाचं नाव घेतलं आणि उचकी थांबली.

"थांबनारच," ती म्हणाली. "त्याची मोटार उघडी पडलीय."

सगळा वार्ड हसला. मीही हसायला गेलो आणि मला ठसका लागला.

ठसक्यालाही आमच्याकडं तोच न्याय. त्या दिवसापासून पाण्याचा घोट घेतला की ठसका, चहाचा घोट घेतला की ठसका. अक्का डोक्यावर टपल्या मारायची, "वर बघ बापू, आढ्याकडं बघ" म्हणायची, नावं घ्यायची, आणि ठसका दबावा म्हणून वरून पाणी पाजायची. त्या पाण्याचा पुन्हा ठसका. पुन्हा नावं. या चक्रात आमची तीन पिढ्यांची उजळणी झाली.

सुट्टी देण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, गिळायला काही तकलीफ? आम्ही तिघं एकदमच बोललो. मला घरी जायची घाई, मी नाही म्हणालो. सुमन म्हणाली, जरा ठसका लागतो. अक्का म्हणाली, आमचा गोतावळा मोठा हाय डॉक्टरसाहेब, आठवण निघनारच. डॉक्टर हसले नाहीत. गिळण्याची नीट तपासणी करून मगच जा, असं त्यांनी सांगितलं. त्यासाठी आणखी राहावं लागणार होतं. आम्ही मुद्दाम गोड बोलून, आमच्या जबाबदारीवर सही करून घरी आलो. दवाखान्याच्या नावानं खडे फोडायची सोय आम्ही स्वतःच बंद करून घेतली ती अशी.

ठसका थांबला

घरी माणसांची रीघ लागली. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नसतं, आणि आणलेलं आपल्यासमोर खाल्ल्याशिवाय उठायचं नसतं. कुणी शहाळं, कुणी दूध, कुणी उसाचा रस. बशीत ओतलेला चहा माझ्या ओठाला लावून माणसं माझ्याकडं प्रेमानं बघत बसायची. मी खोकायचो, ते नावं घ्यायचे.

आणि मग एका सकाळी चहा प्यालो आणि ठसका लागला नाही. दुपारी पाणी प्यालो, ठसका नाही. संध्याकाळी अक्कानं मुद्दाम पेलाभर दूध देऊन बघितलं. काही नाही. घरात सण झाला. अक्कानं शिरा केला. मी दोनदा मागून घेतला, सुमननं भरवला. जेवताना एक गोष्टही सांगितली, माझ्या घोगऱ्या आवाजात.

पल्लवी एवढंच म्हणाली, की पप्पांचा आवाज ओला यायलाय. म्हणजे कसा, तर गुळणी धरून बोलल्यासारखा. पंपानं हवा धरली की पाइपातून जसा गडगड आवाज येतो, तसा. आख्खं आयुष्य तो आवाज ऐकून मी लोकांना सांगत आलो, बंद करा, मोटार जाईल. माझ्या स्वतःच्या गळ्यातून आला तेव्हा मी तिला म्हणालो, कफ असेल.

पुढं ताप चढला. छातीत कळ, धाप. जीप, परभणी, तीच खाट की दुसरी, मला आठवत नाही. निमोनिया झाला होता. पाणी, चहा, दूध, शिरा, सगळ्यातला थोडा थोडा भाग पोटात जायच्या ऐवजी फुप्फुसात गेला होता.

अक्का डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगत होती, की अहो, पण ठसका तर बंद झाला होता. ती रडत नव्हती, भांडतही नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. आम्हा कुणालाच कळत नव्हतं. डॉक्टरांनी खुर्ची ओढली, बसले, आणि म्हणाले, "ठसका लागत होता तोवर गळा भांडत होता. आता त्यानं भांडणं सोडलंय. आत काय चाललंय ते त्याला कळतच नाही."

खोकला होता तेव्हा बरं होतं आणि खोकला गेला तेव्हा वाईट झालं. हे वाक्य मी तेव्हापासून मनात उलटंपालटं करून बघतोय. दोन्हीकडून ते तेवढंच विचित्र दिसतं.

नळी

नाकातून पोटात नळी घातली. तोंडावाटे काही म्हणजे काही नाही, थेंबसुद्धा नाही. नळीतून सुमन सिरिंजनं दूध सोडायची, वरणाचं गाळलेलं पाणी सोडायची. पोट भरायचं, पण जेवल्याचं तोंडाला कुणी सांगायचंच नाही. तोंड आपलं वाट बघत बसायचं. थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती, सारखी पेल्यात टाकावी लागायची. माणूस दिवसभर किती थुंकी गिळतो हे त्याला कळत नाही तेच बरं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून डबा उघडायच्या आधी आमच्याकडं बघायची आणि डबा घेऊन बाहेरच्या जिन्यावर जाऊन जेवायची. मला वास येऊ नये म्हणून. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तिच्याशी कधी बोललो नाही, कारण माझा आवाज फुटत नव्हता.

निमोनिया उतरल्यावर डॉक्टरांनी साफ सांगितलं. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. काही आठवडे गिळण्याचा सराव करू. सुधारलं तर तोंडानं. नाही सुधारलं तर पोटाला बाहेरून छोटं छिद्र पाडून नळी कायमची बसवावी लागेल, आणि बरेच लोक तसेही वर्षानुवर्षं जगतात.

सुमननं मान डोलावली. मग विचारलं, "म्हंजे पंगतीला बसता येईल का न्हाई?"

डॉक्टर म्हणाले, बसता येईल. तिनं पुढचं विचारलं नाही.

मी त्या दिवशी पोटावर हात ठेवून पडून राहिलो. भीती मरणाची नव्हती, म्हणजे तीही होती, पण ती मोठी असल्यामुळं नीट दिसत नव्हती. स्पष्ट दिसत होतं ते एवढंच, की पंगत बसलीय, सगळे जेवतायत, मी मध्ये बसलोय आणि सदऱ्याच्या गुंड्या काढून सुमन मला दूध पाजतेय. मग गोष्ट सांगणार कशी? कुणाच्या तोंडाकडं बघून?

तीर्थ

आता सुमन पहारेकरी झाली. वार्डाच्या दारात बसायची. शहाळं घेऊन आलेला माझा एक मावसभाऊ दारातूनच परत गेला, आणि आमच्या पोराच्या लग्नाला येऊ नका असं फोनवर सांगून मोकळा झाला. पोरगा अजून शाळेत आहे.

अक्का पोखर्णीच्या नृसिंहाला जाऊन आली. नवस बोलली, उपास धरला आणि छोट्या बाटलीत तीर्थ घेऊन आली. ती माझ्या उशाशी बसली, बाटलीचं बूच काढलं. सुमननं तिच्या हातावर हात ठेवला.

"अक्का, तोंडात नका देऊ."

"तीर्थ हाय ते."

"तीर्थ बी पानीच हाय, अक्का."

अक्का बघत राहिली. मीही बघत राहिलो. हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारेल असं कुणाला वाटलं नसतं, सुमनला तर नाहीच. ती दर शनिवारी उपास करणारी बाई आहे. तिनं बाटली घेतली, बोट बुडवून माझ्या डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं, उरलेलं डोक्यावर शिंपडलं. अक्का उठली, पिशवी घेतली आणि पोखर्णीची गाडी धरली.

त्यानंतर ती आली नाही. फोन केला तर दाजी उचलायचे आणि म्हणायचे, ती कामात हाय. पल्लवीनं मला नंतर सांगितलं, अक्कानं तिकडं शिऱ्याचं नाव टाकलंय, घरात करत नाही, दुसऱ्याकडं खात नाही. तिच्या मनात काय चाललंय हे सगळ्यांना कळत होतं, पण बोलणार कोण? बोलायचं काम आमच्यात माझ्याकडं होतं, आणि माझ्या नाकात नळी होती.

डावीकडं बघा

स्पीच थेरपिस्ट मॅडम आल्या तेव्हा मला वाटलं माझ्या आवाजासाठी आल्या. पल्लवीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे गप्प बसणं. घास तोंडात असेपर्यंत बोलायचं नाही, कुणी बोलायला लावायचं नाही, टीव्ही नाही, हसायचं नाही. सुमन हे ऐकताना माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण नुसतं दुःखच होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

मग व्यायाम. जीभ टाळूला दाबून धरायची. "ई" असा बारीक आवाज चढवत न्यायचा. थंड चमचा जिभेला लावला की काहीही नसताना जोर करून गिळायचं. आणि मुख्य गोष्ट अशी, की गळ्याची माझी डावी बाजू झोपलेली, म्हणून मान डावीकडं वळवायची म्हणजे ती वाट मिटते. हनुवटी छातीकडं, गिळायचं, पुन्हा रिकामं गिळायचं, खाकरायचं. आढ्याकडं बघायचं तर बिलकुल नाही. वर बघितलं की श्वासाची वाट उघडी पडते. म्हणजे लहानपणापासून आम्हाला शिकवलेलं सगळं उलटं.

डावं-उजवं माझं त्या दिवसांत नीट राहिलं नव्हतं. मॅडम समोर बसायच्या, त्यांचा हात बघून मी उलटीकडंच वळायचो. शेवटी त्या म्हणाल्या, काका, डावीकडं म्हणजे दाराकडं बघा. ते जमलं. दाराकडं बघायचं, हनुवटी खाली, गिळायचं. माझं ते एवढं पक्कं झालं, की पुढं घरी गेल्यावरही मी दर घासाला दाराकडं बघायला लागलो. आमच्या घरात दार उजवीकडं आहे. हे सुमनच्या लक्षात आलं तेव्हा तिनं माझी मान धरून वळवली, आणि जेवण झाल्यावर पल्लवीच्या मदतीनं आख्खा पलंग उलटा करून ठेवला. आता दार डावीकडं आहे आणि पाय कपाटाला लागतात.

घट्ट पाण्याचा प्रकार तर अजून निराळा. पातळ पाणी पळतं, झोपलेला गळा जागा व्हायच्या आत चुकीच्या वाटेनं निघून जातं. म्हणून पाणी घट्ट करायचं. औषधाच्या दुकानातली पावडर पाण्यात ढवळली की पाणी चमच्याला धरून राहतं. चव पाण्याची नाही, कशाचीच नाही. तहान भागते, पण पाणी प्यालो असं काही वाटत नाही. सुमननं ते चमच्यावरून ओघळताना बघितलं आणि मॅडमना विचारलं, आंबिलीसारखं का? मॅडम आमच्या भागातल्या नव्हत्या. मग सुमननं ज्वारीचं पीठ आंबवून शिजवलेली आंबील करून आणली, दोनदा गाळून, गाठ राहू न देता. मॅडमनी चमच्यावरून ओघळवून बघितली, थोडी अजून घट्ट करा म्हणाल्या, मग माझ्या गळ्याला स्टेथोस्कोप लावून अर्धा चमचा दिला.

आंबील. आंबट, ताकातली, जिऱ्याची. इतक्या दिवसांनी तोंडाला काहीतरी कळलं. मी दाराकडं बघून गिळलं, पुन्हा गिळलं, खाकरलो. डोळ्यांतून पाणी आलं. सुमनला वाटलं ठसका लागला, ती घाबरली.

वाचणाऱ्यांनी आमची आंबील बघून घरच्या घरी प्रयोग करू नयेत. माझ्या गळ्याला जे चाललं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही. आधी तपासून घ्या. तपासणी टाळून घरी पळालेल्या माणसाचं एवढं तरी ऐका.

माझा सापळा जेवतो

नळी काढायची की पोटात घालायची हे ठरवायला नांदेडला एक तपासणी झाली. एक्स-रे चालू ठेवून त्याच्यापुढं जेवायचं. पांढरं औषध कालवलेला घास द्यायचे आणि तो जाताना पडद्यावर दिसायचा. मी बघितलं तर पडद्यावर एक सापळा बसलेला, जबडा हालवतोय. मी मान वळवली, सापळ्यानंही वळवली. त्याला बघून मला आधी ओळख पटली नाही, मग जरा दया आली.

आंबिलीएवढं घट्ट होतं ते हळूच, खुरडत, पण बरोबर वाटेनं गेलं. एकदा, दोनदा. मग पातळ पाणी दिलं, अगदी थोडं. मी सगळं शिकवल्याप्रमाणं केलं आणि माझ्या मते ते एकदम साफ गेलं. मी अंगठा दाखवला. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. एक बारीक पांढरी रेघ दुसऱ्या वाटेनं उतरत होती. मला खोकला नाही, खवखव नाही, काहीच नाही.

नळी काढायचं ठरलं. पोटाला छिद्र नको. मऊ, घट्ट, गाळलेलं, ते तोंडानं. पातळ पाणी मात्र नाही, सराव चालू ठेवा, पुढं बघू. सुमननं तिथंच देवाला हात जोडले. मी पडद्याकडं बघत होतो. माझ्याच गळ्याबद्दल मी एवढा खात्रीनं चुकत असेन, तर बाकीच्या कशाबद्दल मी काय सांगायचं?

एक चमचा

घरी आता जेवण असं होतं. मी पलंगावर भिंतीला टेकून ताठ बसतो. पुढ्यात मऊ खिचडी, घोटलेली. घास, दाराकडं मान, हनुवटी खाली, गिळा, पुन्हा गिळा, खाकरा. कुणी बोलत नाही. आमच्या घरात कधी नव्हे एवढी शांतता. भिंतीवरच्या घड्याळाला आवाज आहे हे आम्हाला त्या दिवसांत कळलं. पल्लवीचा "ई"चा सराव मात्र रोज माझ्याबरोबर चालायचा. गल्लीतल्या लोकांनी विचारायचं सोडून दिलं.

मध्ये बरेच दिवस गेले. परभणीला फेऱ्या झाल्या. मॅडमनी पुन्हा तपासून एक दिवस सांगितलं, की आता साधं पाणी सुरू करून बघू. दवाखान्यात त्यांच्यासमोर दोन चमचे नीट गेले. घरी रोज एकच चमचा, तोंड स्वच्छ धुऊन, मान वळवून. गिळल्यावर बोलून बघायचं. आवाज कोरडा आला तर ठीक, ओला आला तर थांबायचं आणि फोन करायचा. खोकल्यावर भरवसा ठेवायचा नाही.

ही बातमी पल्लवीनं पोखर्णीला कळवली असणार. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का दारात उभी होती. हातात काही नव्हतं. पिशवी नाही, डबा नाही, फूलसुद्धा नाही. उभ्या आयुष्यात ती माझ्या घरी रिकाम्या हातानं आलेली मी बघितली नव्हती. सुमननं तिला हाताला धरून आत आणलं, माझ्यासमोर बसवलं.

सुमननं वाटीत पाणी घेतलं. साधं, माठातलं, पातळ. चमचा भरला आणि माझ्या तोंडापर्यंत आणला. तिथं तिचा हात थांबला. थेंब माझ्या मांडीवर सांडले. तिनं पुन्हा भरला, पुन्हा थांबली. इतके महिने जे पाणी तिनं माझ्यापासून राखलं होतं, ते आता तिला पाजवेना.

"मला न्हाई जमायलं," ती म्हणाली आणि चमचा अक्कापुढं केला.

अक्कानं दोन्ही हात पदराखाली घेतले. "माझ्या हातानं नगं गं बाई."

चमचा दोघींच्या मध्ये तसाच राहिला. पल्लवी मोबाइल हातात घेऊन उभी, मॅडमचा नंबर काढून. मी एकदा हिच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. आणि मला आठवलं की माझे दोन्ही हात चांगले आहेत. सगळी दुनिया एवढे दिवस त्यांच्याकडेच तर बघत होती. मी चमचा घेतला.

दाराकडं मान. हनुवटी खाली. पाणी गार होतं, आणि फार हलकं. तोंडात काही आहे की नाही अशी शंका यावी इतकं. मी गिळलं. पुन्हा गिळलं. खाकरलो.

ठसका लागला नाही. पण ठसका न लागणं चांगलं की वाईट, आनंद करायचा की जीप बोलवायची, हे आमच्यात कुणालाच ठरवता येईना. चौघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. मला विचारून उपयोग नव्हता, माझ्या गळ्यावर माझाच भरवसा राहिला नव्हता.

"आता बोला," सुमन म्हणाली.

तिघी जणी पुढं सरकल्या. अक्कानं तर कान माझ्या तोंडाशी आणला. जन्मभर गोष्टी सांगितल्या, पण इतकं जीव एकवटून माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं. आणि मला एक अक्षर सुचेना.

"आज जेवायला काय हाय?" मी विचारलं.

सुमन डोळे मिटून ऐकत होती. तिनं ते उघडले नाहीत. "कोरडा वाटायलाय," ती अक्काला म्हणाली. अक्कानं मान हालवली, तिलाही खात्री नव्हती.

मग सुमननं माझा गुडघा धरला आणि आमच्या घरात मला आजवर कुणीही जे म्हटलं नव्हतं, ते ती म्हणाली.

"अजून बोला."